बॉबर : एका वजाबाकीचा इतिहास

वसंतातल्या व्याख्यानांना संतवाङ्मय शोभते, अर्थकारण शोभते, फार तर एखादे प्रवासवर्णनही चालून जाते. परंतु मोटारसायकलीसारखा विषय येथे कशाला, अशी शंका एखाद्या ज्येष्ठ श्रोत्याच्या मनात आली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. त्या शंकेला माझे उत्तर एवढेच की, इतिहास म्हणजे केवळ राजेलोकांच्या स्वाऱ्या नव्हेत. सामान्य माणूस ज्या वाहनावर बसून बाजाराला, शेताला आणि सासुरवाडीला जातो, त्या वाहनालाही इतिहास असतो आणि पुष्कळदा तो अधिक बोलका असतो. मंचरसारख्या पेठेच्या गावी हे विशेष सांगावयास नको. पुणे-नाशिक रस्त्यावर सकाळी घटकाभर उभे राहावे. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकावलेली, मागे कांद्याबटाट्याची गोणी बांधलेली, पुढे टाकीवर शाळकरी मूल बसवलेली मोटारसायकल या मुलखाचा अर्धा संसार कसा वाहते ते डोळ्यांना दिसते.

याच रस्त्याने शनिवार-रविवारी पुण्याकडून भीमाशंकरला किंवा माळशेजला निघालेले हौशी स्वार जातात. त्यांच्या गाड्यांत गेल्या काही वर्षांत एक निराळी आकृती दिसू लागली आहे. अंगाने बुटकी, चाके जाड, हँडल रुंद, मागचे मडगार्ड कोणी अर्ध्यावर कापून नेल्यासारखे आणि बसावयास एकच जागा; डबलसीटची सोय नाही. रंग नवा, यंत्र नवे, पण एकंदर रूप असे की आजोबांच्या तरुणपणचे छायाचित्र रस्त्यावर उतरले आहे. हिला बॉबर म्हणतात. ज्यांना ती आवडते ते तिच्यावर जीव टाकतात. ज्यांना आवडत नाही ते विचारतात, ‘एवढे पैसे मोजून अर्धीच गाडी का घेतलीत?’ या विचारण्यात थट्टा आहे, परंतु तिच्याआड एक खरा प्रश्नही आहे. वस्तूतून काय काढून टाकावे, ते कोणी ठरवावे आणि काढून टाकल्याची किंमत कोणी द्यावी, असा तो प्रश्न आहे. बॉबरचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

प्रथम शब्द पाहू. हा शब्द परका वाटतो, पण त्याची सख्खी बहीण आपल्या घरात फार दिवस नांदते आहे. मुलींचे केस मानेपर्यंत आखूड कापले की आपण त्याला बॉबकट म्हणतो. इंग्रजीत आखूड कापण्याला, विशेषतः घोड्याची शेपटी आखूड कापण्याला, ‘बॉब’ म्हणत. १९२० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य स्त्रियांनी केस कापले तेव्हा हाच शब्द केसांना लागला. पुढे मोटारसायकलीचे मागचे मडगार्ड कापले गेले तेव्हा तिलाही तो लागला. बॉबर म्हणजे बॉबकट केलेली मोटारसायकल, दुसरे काही नाही. आपल्याकडील काही मंडळी या नावाने ‘बॉबी’ गाडीची आठवण काढतात. परंतु ती गोष्ट वेगळी. राज कपूर यांचा ‘बॉबी’ चित्रपट १९७३ साली आला, त्यात एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जी.टी.एस. १७५ ही चिमुकली मोटारसायकल नायकाने चालवली आणि लोकांनी तिचे नावच बॉबी ठेवले. तिचा आणि या बॉबरचा नात्याने काही संबंध नाही.

ही कापाकापी सुरू झाली अमेरिकेत, आणि ती हौसेपेक्षा गरजेतून सुरू झाली. १९२० नंतरच्या दशकातच तेथील काही स्वार हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांचे सांगाडे कापून त्या ठेंगण्या व हलक्या करीत असत. त्यानंतर १९२९ ची मंदी आली. मोटारसायकली बनविणारे कारखाने एकामागून एक बंद पडले. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन ही दोनच मोठी नावे उरली. शर्यतीसाठी खास यंत्रे बांधणे कोणालाच परवडेना. तेव्हा १९३३-३४ च्या सुमारास अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ‘क्लास सी’ नावाचा एक शर्यतीचा वर्ग काढला. त्याचे तत्त्व साधे होते: दुकानात विकत मिळणारी, रस्त्यावर चालणारी गाडीच शर्यतीला आणावयाची. मग गरीब स्वार काय करी? आठवडाभर जिच्यावर कामाला जावयाचे, तीच गाडी चालवीत शर्यतीच्या मैदानावर जावयाचे. तेथे पाना काढून पुढचे मडगार्ड, दिवा आणि जे जे पळण्याला लागत नाही ते ते उतरवून ठेवावयाचे. शर्यत झाली की पुन्हा बसवून घरी यावयाचे. पुढे पुढे पुन्हा बसविण्याचा कंटाळा आला आणि उघडी गाडीच रस्त्यावर दिसू लागली.

यात एक यांत्रिक मर्म आहे. यंत्राची शक्ती वाढविणे खर्चाचे काम. पण गाडीचे वजन घटवले की त्याच शक्तीत ती अधिक चपळ होते, लवकर थांबते, वळणावर हलकी वाटते. वजन घटविण्याला पैसा लागत नाही, पाना लागतो. सीट एकच का, तर दुसऱ्या माणसाचे वजन नको म्हणून. त्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा का, तर त्या काळच्या गाड्यांच्या मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बरच नसत. रस्त्याचा धक्का सरळ पाठीच्या कण्याला बसे, तो सोसण्यापुरती सोय सीटखाली केलेली असे. हार्लेच्या मोठ्या गाडीला मागचे शॉकॲब्सॉर्बर १९५८ साली मिळाले. तात्पर्य, बॉबरचे जे रूप आज आपल्याला शैली म्हणून दिसते, त्यातील प्रत्येक रेषेमागे त्या वेळी काही कारण होते.

दुसऱ्या महायुद्धाने या रूपाचा प्रसार केला. युद्धकाळात हार्ले-डेव्हिडसनने सैन्यासाठी सुमारे नव्वद हजार मोटारसायकली बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी पुष्कळ स्वस्तात विकल्या गेल्या. आपल्याकडे ज्याला डिस्पोजलचा माल म्हणत, तोच हा प्रकार. घरी परतलेल्या तरुण सैनिकांच्या हाती थोडे पैसे होते, हातांना यंत्राची सवय होती आणि युरोपात पाहिलेल्या हलक्या इंग्रजी गाड्या डोळ्यांपुढे होत्या. त्यांनी लष्करी गाडीवरची पेट्या-पिशव्यांची बाडबिस्तरे काढली, मडगार्ड कापले आणि घरामागच्या पडवीत बॉबर तयार झाली. तिला कारखाना नव्हता, नमुना नव्हता. दोन बॉबर सारख्या नसत.

पुढे तिच्या कपाळी बदनामी आली. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी मोटारसायकलींच्या मेळ्यात दंगामस्ती झाली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने बाटल्यांच्या ढिगाऱ्यात मोटारसायकलीवर बसलेल्या एका मद्यधुंद स्वाराचे छायाचित्र छापले. ते मुद्दाम मांडून घेतले होते, असे एका प्रत्यक्षदर्शीने पुढे सांगितले, पण तोवर व्हावयाचे ते झाले होते. १९५३ साली मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला आणि मोटारसायकलवाला म्हणजे गुंड हे समीकरण जगभर गेले. त्यानंतरच्या पिढीने बॉबर सोडून चॉपर धरली: पुढचा दांडा लांबच लांब, हँडल आकाशात. बॉबरमध्ये काढून टाकणे होते, चॉपरमध्ये मिरविणे आले. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातील चॉपर गाड्या जगप्रसिद्ध झाल्या; परंतु त्या घडविणाऱ्या क्लिफ व्हॉस आणि बेन हार्डी या दोघा कृष्णवर्णीय कारागिरांचे नाव कित्येक वर्षे कोणी घेतले नाही. गाडी गाजावी आणि घडविणारा हात अंधारात राहावा, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता कोणी म्हणेल, ही सारी अमेरिकेची कथा, तिचे आम्हा आंबेगाव-जुन्नरकरांना काय? श्रोतेहो, वाहन उघडे करून पळवावयाचे ही कल्पना आपल्याला कोणी शिकवावयास नको होती. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या तालुक्यांतील यात्रा ज्याने पाहिल्या आहेत त्याला बैलगाडा सांगावयास नको. शेतातली गाडी खत वाहते, ऊस वाहते, वऱ्हाड वाहते. तिला बाजू लागतात, तळ लागतो, भार सोसणारी मजबुती लागते. शर्यतीचा गाडा हा तिचाच भाऊ, पण त्याच्या अंगावर काही ठेवलेले नसते. चाके, आस आणि बैल जुंपण्यापुरता हलका सांगाडा. घाटात बारी सुटली की सारा हिशेब सेकंदांचा; तेथे एक फळी जास्त झाली तरी मालकाला ती खुपते. क्लास सीच्या शर्यतीत अमेरिकन स्वाराने जे केले, ते आपल्या सुतार-लोहारांनी बैलगाड्याबाबत आपल्या अकलेने केले होते. फरक एवढाच की आपला शेतकरी शर्यतीचा गाडा यात्रेपुरता वापरतो. सोमवारी त्यावरून खत वाहून नेण्याचा आग्रह धरीत नाही.

मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र आपला इतिहास नेमका उलट दिशेने गेला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मोजक्याच गाड्या बनू लागल्या. मद्रासला १९५५ साली एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट येथे आली. जावा गाड्या चेकोस्लोव्हाकियाहून आणून विकणाऱ्या मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली व १९६१ पासून तेथून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागल्या. राजदूतही त्याच काळातली. पुण्याच्या फिरोदियांची लुना १९७२ साली आली, १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली आणि मोटारसायकल खऱ्या अर्थाने खेड्यात पोहोचली. ज्या घरात एकच वाहन, तेथे त्यातून काही काढण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला जोडावयाचेच होते. दुधवाल्याने कॅन अडकविण्यासाठी लोखंडी कॅरियर जोडून घेतले, कोणी लेगगार्ड जोडले, कोणी मागे पाठ टेकावयाची सोय केली. अमेरिकन तरुणाने आपली गाडी वजाबाकीने घडविली. आपल्या गावकऱ्याने बेरजेने घडविली. गाडी आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणे हे मात्र दोघांचेही सारखेच.

या बेरजेतील सर्वांत बोलका भाग म्हणजे साडीगार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला असलेली ही जाळी परदेशी माणसाला चमत्कारिक वाटते. आपल्या आयाबहिणी एका अंगाने बसत, पदर किंवा साडीचा काठ चाकात अडकून अपघात होत. म्हणून ती आली. पुढे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिला जागाच मिळाली: ज्या मोटारसायकलीवर मागे माणूस बसण्याची सोय आहे, तिला धरावयास मूठ हवी, पाय ठेवावयास आधार हवा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण हवे, असा नियम आहे. म्हणजे आपल्या कायद्याने मोटारसायकल पाहिली ती दोघांचे वाहन म्हणून पाहिली. तिच्यावरचे मागचे मडगार्ड आणि ती जाळी ही शोभा नव्हे. ती मागे बसणाऱ्या बाईच्या जिवाची काळजी आहे. बॉबर करावयाची म्हणजे पहिली कात्री याच काळजीवर चालते, हे विसरता येणार नाही.

असे असता, बॉबर आपल्याकडे आली कशी? ती पडवीतून आली नाही, शोरूममधून आली. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने २०१६ च्या ऑक्टोबरात १२०० सी.सी.ची बोनव्हिल बॉबर जाहीर केली. तिचे मागचे शॉकॲब्सॉर्बर सीटखाली असे दडविले होते की पाहणाऱ्याला वाटावे, जुन्या गाडीप्रमाणे तिला ते नाहीतच. आपल्याकडे तिची किंमत नऊ लाखांवर होती, तेव्हा ती सामान्यांच्या कामाची नव्हती. नंतर जुने नाव नव्याने उभे करण्याची लाट आली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला होता. महिंद्र उद्योगसमूहाचा मोठा वाटा असलेल्या क्लासिक लेजंड्स कंपनीने, ज्यात म्हैसूरच्या इराणींचे चिरंजीवही भागीदार आहेत, नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईत जावाचे पुनरागमन जाहीर केले आणि त्यात पेराक नावाची ३३४ सी.सी.ची बॉबर दाखविली. २०१९ च्या अखेरीस तिची किंमत १ लाख ९५ हजार रुपयांच्या आसपास ठरली. २०२२ च्या सप्टेंबरात त्याच कंपनीची ‘४२ बॉबर’ आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एनफील्डने ३४९ सी.सी.ची गोअन क्लासिक आणली: पांढऱ्या पट्ट्याचे टायर, तारांची चाके, तरंगती एकच सीट, किंमत २ लाख ३५ हजारांपासून.

या गाड्यांच्या यंत्राविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून दोन नावांविषयी बोलणे भाग आहे.

पहिले नाव पेराक. मूळची जावा पेराक ही २५० सी.सी.ची गाडी जर्मनांच्या ताब्यातील चेक भूमीत गुपचूप आखली गेली आणि १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली. तिचे वैशिष्ट्य काय, तर मागच्या चाकाला स्प्रिंगची सोय. युद्धकाळात प्राग शहरात उड्या मारीत शत्रूला चकविणाऱ्या ‘स्प्रिंगवाल्या’ माणसाची दंतकथा होती. त्याचेच नाव तिला मिळाले. म्हणजे ती गाडी काळाच्या पुढची, नीट मडगार्ड असलेली, स्वाराचा धक्का कमी करणारी होती. आजच्या पेराकने तिचे नाव घेतले आणि रूप मात्र अमेरिकन पडवीतले घेतले. शिवाय जी स्प्रिंग मूळ गाडीने अभिमानाने मिरविली, ती या गाडीने सीटखाली लपविली. दोन देशांचे दोन इतिहास एका टाकीवर रंगविले, की ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते एकच वाटतात.

दुसरे नाव गोव्याचे. गोव्याची आणि मोटारसायकलीची जोडी खरी आहे, यात शंका नाही. परंतु ती कोणती? पर्यटकांच्या किनाऱ्यावरील भटकंतीची एक, ही तर सर्वांना ठाऊक आहे. दुसरी आहे ती ‘पायलटां’ची. गोव्यात मोटारसायकलवर उतारू नेणारे परवानाधारक चालक कित्येक दशकांपासून आहेत. त्यांना तेथे पायलट म्हणतात आणि त्यांची गाडी दुरून ओळखू येते ती तिच्या पिवळ्या मडगार्डावरून. त्या माणसाची रोजी आहे मागच्या सीटवर, आणि त्याची ओळख आहे मडगार्डावर. गोव्याच्या नावाने निघालेल्या गाडीत कात्री लागली ती मडगार्डाला, आणि मागची सीट झाली मागाहून काढता-घालता येणारी! मी हे दोष म्हणून सांगत नाही; जाहिरातीतला गोवा आणि रोजगाराचा गोवा यांत अंतर केवढे आहे, ते दाखवितो.

आता या गाडीविषयी लोकांची मते काय, ते थोडक्यात पाहू. जुन्या वळणाचे हौशी म्हणतात, कारखान्यातून निघालेली बॉबर ही बॉबरच नव्हे. जी आपल्या हाताने कापली नाही, तिला बॉबकट कसले म्हणावयाचे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरे म्हणतात, प्रत्येकाला घरी वेल्डिंग करता येत नाही. जे रूप आवडते ते सुरक्षित ब्रेकांसह, हमीसह मिळाले तर बिघडले काय? यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आजच्या गाडीचे ब्रेक १९४६ च्या गाडीहून शतपट चांगले आहेत. तिसरा पक्ष गृहस्थांचा: आषाढात डिंभ्याच्या बाजूला एकदा जाऊन या, म्हणजे मडगार्ड कशासाठी असते ते पाठीवरच्या चिखलाने कळेल, आणि बायकोला घरी ठेवून एकट्याने देवदर्शन करण्याला पुण्य किती लागते, तेही पाहा. हा पक्ष संख्येने मोठा आहे आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड आहे. या तिन्ही पक्षांना मी एवढेच विचारीन: काढून टाकलेल्या भागाचे काम आपल्याला ठाऊक होते काय? ज्याला ठाऊक होते त्याची वजाबाकी ही कला. ज्याला नव्हते त्याची नुसती मोडतोड.

परंतु या वादात एका माणसाला कोणी बोलावीतच नाही, तो म्हणजे गॅरेजातला मेस्त्री. आणि खरा प्रश्न त्याच्यापाशी आहे.

आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. त्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या नोंदणीपुस्तकातील तपशील कारखानदाराने मूळ ठरविलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही ठरविला: नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आज स्थिती अशी की, मडगार्ड आखूड, सीट एक, ही वजाबाकी कारखान्याने केली तर ती दोन लाखांची शैली ठरते. आणि मंचरच्या एखाद्या मेस्त्रीने जुन्या बुलेटचा सांगाडा कापून तीच वजाबाकी केली तर तो गुन्हा ठरतो.

कायदा निष्कारण कडक झालेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. सांगाडा कापून कच्चे वेल्डिंग केले आणि ते घाटात सुटले, तर मरणारा एकटा स्वारच असतो असे नाही. सायलेन्सर बदलून पहाटे तीन वाजता गाव उठविणाऱ्या पोरांनी तर या कलेचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही कायद्याने केले नसेल; असे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातले तेव्हा सामान्य लोकांनी समाधानच मानले. तेव्हा ‘माझी गाडी, माझी मर्जी’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. रस्ता सर्वांचा आहे.

तरीही एक नुकसान डोळ्याआड करता येत नाही. यंत्र समजते ते उघडून, कापून, जोडून. हे शिक्षण पुस्तकात नाही. अमेरिकेतील पडव्यांत झालेल्या कापाकापीतूनच पुढच्या कारखान्यांना त्यांची रूपे मिळाली. आपण पडवीच बंद केली, तर पुढची रूपे आपल्याला नेहमी बाहेरून विकत घ्यावी लागतील. मंचरहून राजगुरुनगर ओलांडले की चाकण लागते. तेथल्या बजाजच्या कारखान्यातून २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सी.सी.ची गाडी बाहेर पडते आहे. इंग्लंडचे नाव, आपल्या रस्त्यावरचा कारखाना, आपल्या तालुक्यांतले कामगार. याचा आनंद आहे. परंतु आकृती काढणारा हात अजून तिकडचाच आहे. तो हात इकडे तयार व्हावयाचा तर बेन हार्डीसारख्या मेस्त्रीला आपल्या समाजात उजेडात काम करता आले पाहिजे. आज ज्याच्याजवळ कसब आहे तो एक तर गप्प बसतो किंवा लपून काम करतो. आणि लपून केलेले वेल्डिंग कोणी तपासीत नाही, त्यामुळे ते अधिकच धोक्याचे होते. बंदीने धोका संपला नाही, नजरेआड झाला.

यावर तोड नाही असे नाही, आणि ती दूर शोधावयासही जाणे नको. बैलगाडा शर्यतींचेच पाहा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या बंद झाल्या. २०१७ साली महाराष्ट्राने अटी घालून कायदा केला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. सरसकट मोकळीकही नाही आणि सरसकट बंदीही नाही. नियम, तपासणी आणि जबाबदारी. मोटारसायकलीलाही हाच न्याय का लावू नये? जर्मनीत गाडीत बदल केला तर टी.यू.व्ही. नावाच्या संस्थांचे तज्ज्ञ तो तपासतात आणि योग्य ठरला तर कागदपत्रांत त्याची नोंद होते. आपल्या कायद्यालाही ही वाट अगदीच अपरिचित नाही. गॅसवर चालण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याला, किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी बदलून घेण्याला तो मुभा देतोच. वाहने तपासणारी ए.आर.ए.आय. ही राष्ट्रीय संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. मंचरच्या शेजारी अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एकेका गाडीची ब्रेक, सांगाडा, दिवे आणि आवाज या चार गोष्टींत परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झाली तर आर.सी. पुस्तकात तशी नोंद करावी, आणि वेल्डिंग करणाऱ्या मेस्त्रीचे नाव त्या नोंदीत लिहावे. नाव लिहिले की जबाबदारीही येते आणि मानही येतो.

मागे बसणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र कोणत्याही परीक्षेने सुटणारा नाही. ज्या घरात दोन वाहने आहेत तेथे एक एकट्याची असली तर कोणी हरकत घेऊ नये. माणसाला कधी कधी एकट्याने लांबवर जावेसे वाटते आणि ते वाटणे वाईट नाही. परंतु ज्या घरात एकच वाहन आहे, तेथे मागची सीट काढणे म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाचा दवाखाना, बाजार आणि माहेर काढून घेणे होय. १९३४ च्या अमेरिकन स्वाराने जे भाग उतरवून ठेवले, ते त्याने शर्यत संपल्यावर पुन्हा बसविले होते, कारण सोमवारी त्याला त्याच गाडीवर कामाला जावयाचे होते. बॉबर करून घेणाऱ्या आपल्या तरुणाने गाडी अवश्य उघडी करावी, चांगल्या मेस्त्रीकडून आणि कायद्याची वाट मोकळी करून घेऊन करावी. पण उतरवलेले मडगार्ड आणि सीट भंगारात घालू नये. घरात नीट बांधून ठेवावी.